डिसेबल्ड विजेट आणि त्यावरचा आकडा

कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यातील पंपांच्या टेस्ट बेंचसाठी आम्ही डेस्कटॉप सॉफ्टवेअर तयार करत होतो आणि त्यातील जवळजवळ सर्व विजेट, म्हणजे पडद्यावरील बटणे, नॉब यांसारखी साधने, क्यूटी या सी प्लस प्लस लायब्ररीच्या आधारे आम्ही स्वतः रंगवलेली होती. दाब ठरवण्याचा गोल नॉब, वॉल्व्ह उघडण्याचा स्विच, प्रवाह दाखवणारा मीटर आणि काही मोठी बटणे, असा तो संच होता. हातमोजे घातलेल्या माणसाला चालवता यावीत आणि चार-पाच फुटांवरून वाचता यावीत, ही त्यांची मुख्य अट होती. नेहमीची अवस्था, दाबलेली अवस्था आणि कीबोर्डचा फोकस या तिन्हींचे रूप ठरल्यानंतर माझ्याकडे डिसेबल्ड, म्हणजे विजेट दिसते पण चालवता येत नाही, अशा अवस्थेचे काम आले. कामाच्या यादीत त्याची एकच ओळ होती: ‘डिसेबल्ड असताना करडे दाखवणे’. त्या ओळीत जे मावत नव्हते त्याविषयी हे लिहीत आहे.

चाचणी सुरू झाली की दाब, वेळ आणि वॉल्व्हची मांडणी बदलता येऊ नये, म्हणून मांडणीचे संपूर्ण पॅनेल डिसेबल होत असे. आमच्याकडे आलेल्या जुन्या कोडमध्ये त्यासाठी प्रत्येक विजेटची अपारदर्शकता एकदम खाली आणलेली होती. कार्यालयातील पडद्यावर ते नेटके दिसत होते. कारखान्यात मात्र बेंचवर काम करणाऱ्या ऑपरेटरने पहिल्याच पाहणीत विचारले, “मॅडम, चाचणी चालू केली की दाबाचा आकडा जातो कुठे? किती बारवर लावलाय ते बघायचं कसं?” चाचणी चालू असतानाच त्यांना तो आकडा सर्वात जास्त लागतो, कारण शेजारच्या यांत्रिक गेजशी तो पुनःपुन्हा ताडून पाहावा लागतो. ज्या क्षणी आकड्याची गरज सर्वाधिक होती, नेमक्या त्याच क्षणी आमचे सॉफ्टवेअर तो पुसट करत होते.

त्या प्रश्नामुळे कामाची दिशा ठरली. नॉबसारख्या विजेटमध्ये दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक म्हणजे ‘मला फिरवा’ हे आमंत्रण आणि दुसरी म्हणजे ‘सध्या दाब इतका ठरवलेला आहे’ ही माहिती. विजेट डिसेबल झाले की आमंत्रण मागे घेतले जाते, पण माहिती तितकीच खरी राहते. म्हणून फिका करायचा तो आमंत्रणाचा भाग, आणि आकडा वाचण्याजोगा ठेवायचा, असे मी ठरवले. पुढचे सारे काम हे वेगळेपण रंग, आकार आणि कोड यांत उतरवण्याचे होते आणि त्यात क्यूटीच्या अंतर्रचनेतील बऱ्याच गोष्टी बारकाईने समजून घ्याव्या लागल्या.

पहिली गोष्ट पॅलेटची. क्यूपॅलेट या क्यूटीच्या रंगसंचात प्रत्येक भूमिकेसाठी, म्हणजे खिडकीवरील मजकूर, बटणाची पार्श्वभूमी वगैरेंसाठी, रंगांचे तीन गट असतात: अ‍ॅक्टिव्ह, इनअ‍ॅक्टिव्ह आणि डिसेबल्ड. विजेटकडे त्याचे पॅलेट मागितले की ते विजेटच्या त्या वेळच्या अवस्थेनुसार योग्य गट निवडूनच मिळते. त्यामुळे पेंटइव्हेंटमध्ये, म्हणजे विजेट रंगवणाऱ्या फंक्शनमध्ये, सर्व रंग पॅलेटमधून घेतले, तर डिसेबल्ड रूपाचा बराचसा भाग वेगळी अट न लिहिता साधतो. जुन्या कोडमध्ये रंग थेट लिहिलेले होते, म्हणूनच तिथे अपारदर्शकतेचा आधार घ्यावा लागला होता. मी सुरुवात केली ती हे थेट लिहिलेले रंग काढून प्रत्येक रंगाला पॅलेटमधील भूमिका नेमून देण्यापासून. हे काम कंटाळवाणे असते, पण त्याला पर्याय नाही.

गडद थीम तयार करताना एक सापळा समोर येतो आणि तो अनेकांना अडकवतो. सेटकलर या फंक्शनला फक्त भूमिका आणि रंग दिला, तर तो रंग तिन्ही गटांत भरला जातो. म्हणजे खिडकीवरील मजकूर पांढरा करावा, तर डिसेबल्ड मजकूरही पांढराच होतो आणि बंद बटण व चालू बटण यांत काही फरकच उरत नाही. गट स्पष्टपणे नमूद करून डिसेबल्डचे रंग नंतर वेगळे भरावे लागतात. दुसरा सापळा त्याहून जुना आहे. क्यूटीच्या विंडोज नावाच्या शैलीत डिसेबल्ड मजकुराखाली एक पिक्सेल सरकवून फिकट रंगाची दुसरी प्रत काढली जाते, त्यामुळे अक्षरे पृष्ठभागावर कोरल्यासारखी दिसतात. विंडोज ९५ च्या काळातील करड्या खिडक्यांवर हे रूप शोभत असे. गडद पार्श्वभूमीवर मात्र अक्षरांमागे पांढरी सावली उमटते आणि मजकूर दुहेरी दिसतो. डिसेबल्ड गटातील ‘लाइट’ भूमिकेचा रंग बदलला की ती सावली जाते. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर काळा आणि पांढरा एवढे दोनच रंग होते, तेव्हा मेन्यूतील बंद ओळ दाखवण्यासाठी अक्षरांतील एकाआड एक पिक्सेल गाळत असत. करडा रंग हा या अवस्थेचा एकमेव मार्ग कधीच नव्हता, हे त्यावरून ध्यानात येते आणि त्याचा मला पुढे उपयोग झाला.

अपारदर्शकतेचा मार्ग मी का सोडला, तेही सांगायला हवे. पेंटरला, म्हणजे क्यूटीच्या चित्र काढणाऱ्या साधनाला, अपारदर्शकता कमी करून दिली की ती प्रत्येक आकारावर स्वतंत्रपणे लागू होते. आमच्या नॉबमध्ये आधी मोजपट्टीचे वर्तुळ, त्यावर तबकडी आणि तिच्यावर काटा, असे थर होते. चाळीस टक्के अपारदर्शकतेत तबकडीखालचे वर्तुळ तबकडीतून दिसू लागले आणि काट्याखालची रेघ काट्यातून. वस्तू बंद वाटण्याऐवजी काचेची वाटू लागली. संपूर्ण विजेट आधी वेगळ्या चित्रपटलावर काढून मग ते एकदाच फिके करून पडद्यावर आणले तर ही अडचण सुटते. क्यूग्राफिक्सओपॅसिटीइफेक्ट हेच काम करतो. पण त्यात प्रत्येक वेळी पडद्याबाहेर चित्र तयार करण्याचा खर्च येतो, चित्रपटल स्वतः हाताळत असल्यास जास्त घनतेच्या पडद्यांसाठी त्याचे पिक्सेलचे गुणोत्तर सांभाळावे लागते, आणि आकडा व नॉब यांना वेगवेगळी वागणूक देता येत नाही. शेवटचे कारण माझ्यासाठी निर्णायक होते.

त्याऐवजी मी रंग मिसळण्याचे एक छोटे फंक्शन लिहिले. मूळ रंग आणि पार्श्वभूमीचा रंग दिलेल्या प्रमाणात एकत्र करून ते पूर्णपणे अपारदर्शक असा नवा रंग देते. थर कितीही असले तरी खालचे वर दिसत नाही आणि प्रत्येक भागासाठी वेगळे प्रमाण ठरवता येते. प्रमाण किती असावे, हे मात्र डोळ्यांच्या भरवशावर सोडून चालत नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या २०१८ मधील डब्ल्यूसीएजी २.१ या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ इतके छटांमधील फरकाचे (कॉन्ट्रास्टचे) गुणोत्तर सांगितले आहे, तर नियंत्रणांच्या कडा, चिन्हे यांसारख्या गोष्टींसाठी ३ ला १. ती तत्त्वे वेबसाठी लिहिलेली असली तरी त्यातील गणित कोणत्याही पडद्याला लागू पडते. तिथेच निष्क्रिय नियंत्रणांना या दोन्ही अटींतून सूट दिलेली आहे. ही सूट समजण्यासारखी आहे, पण आमच्या टेस्ट बेंचवरच्या आकड्यासाठी ती घेणे मला पटले नाही, कारण तिथे नियंत्रण निष्क्रिय असले तरी वाचणारा माणूस पूर्ण सक्रिय असतो.

गणित करून पाहिले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. गूगलच्या मटेरिअल डिझाइन या रचनापद्धतीत डिसेबल्ड मजकुरासाठी ३८ टक्के अपारदर्शकता सुचवलेली आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा मजकूर ३८ टक्क्यांवर आणला की गुणोत्तर सुमारे २.७ येते. तेच प्रमाण गडद करड्या पार्श्वभूमीवर, जिचे तिन्ही रंगघटक ३२ आहेत, पांढऱ्या मजकुराला लावले की ते सुमारे ३.५ येते. म्हणजे टक्केवारी तीच ठेवली तरी दोन थीममध्ये दिसणारा परिणाम वेगळा असतो. म्हणून मी टक्केवारी निश्चित करण्याऐवजी गुणोत्तर निश्चित केले. आकड्यासाठी ४.५ च्या खाली जायचे नाही, मोजपट्टीच्या रेघांसाठी ३ च्या आसपास राहायचे आणि नॉबची पकड, सावली व कडा यांना त्याहून खाली जाऊ द्यायचे. पांढऱ्यावर तिन्ही घटक ११८ असलेला करडा ४.५ ची अट जेमतेम पूर्ण करतो, त्यामुळे आकडा नेहमीच्या काळ्यापेक्षा मवाळ दिसतो आणि तरीही स्पष्ट वाचता येतो.

मग प्रत्यक्ष रूपाकडे वळले. चालू नॉबला आम्ही हलकी सावली, कडेने खाचा आणि काट्याच्या टोकाला ठसठशीत रंगाचा ठिपका दिला होता, कारण या तिन्ही गोष्टी हाताला बोलावतात. डिसेबल्ड रूपात सावली काढून टाकली, खाचा तबकडीच्या रंगात मिसळून टाकल्या आणि ठिपक्याच्या जागी फक्त पोकळ वर्तुळ ठेवले. नॉब उठावदार न राहता सपाट दिसू लागला. काट्याची दिशा आणि मधला आकडा जसाच्या तसा राहिला. लांबून पाहणाऱ्याला फरक रंगापेक्षा आकारातून आधी कळतो, हे इथे स्पष्ट झाले, आणि रंगांतील भेद कमी ओळखू येणाऱ्यांसाठीही तेच उपयोगी पडते.

वॉल्व्हच्या स्विचचा प्रश्न अधिक नाजूक होता. उघडा वॉल्व्ह हिरवा आणि बंद वॉल्व्ह तांबडा, अशी खूण होती. दोन्ही करडे केले की डिसेबल्ड अवस्थेत वॉल्व्ह उघडा आहे की बंद, हे स्विचच्या गोळ्याच्या डाव्या-उजव्या जागेवरूनच ओळखावे लागते, आणि डावी बाजू म्हणजे काय हे प्रत्येकाला आठवावे लागते. पाण्याच्या दाबाखाली असलेल्या नळीच्या बाबतीत अशी संदिग्धता ठेवणे मला अयोग्य वाटले. म्हणून स्विचवर ‘उघडा’ आणि ‘बंद’ हे शब्दच लिहिले, रंगांची तीव्रता कमी केली पण हिरवा आणि तांबडा ही ओळख पुसली नाही, आणि गोळ्याभोवतीची उठावदार कड तेवढी काढली. चिन्हांबाबत एक तांत्रिक टीप इथेच नोंदवते. क्यूआयकॉन (क्यूटीतील चिन्हाचा वर्ग) स्वतः रंगवलेल्या विजेटमध्ये काढताना त्याला डिसेबल्ड मोड स्वतः सांगावा लागतो, अन्यथा तो नेहमीच्या रूपातच उमटतो आणि फिक्या बटणावर भडक चिन्ह बसलेले दिसते. याउलट, शैलीला विजेटची माहिती देणारा क्यूस्टाइलऑप्शन तयार करून त्यात ती माहिती भरणारे इनिटफ्रॉम चालवायचे राहिले, तर त्याची अवस्था रिकामी असते आणि शैलीकडून काढून घेतलेले भाग कायम डिसेबल्डच दिसतात.

बटणांसाठी आम्ही स्टाइलशीट, म्हणजे रूपाचे नियम लिहिलेली फाइल, वापरत होतो आणि तिथले नियम वेगळे आहेत. एकदा बटणाला मजकुराचा रंग दिला की तो डिसेबल्ड अवस्थेतही तसाच राहतो, पॅलेटमधला डिसेबल्ड गट मदतीला येत नाही. म्हणून जिथे जिथे रंग दिला आहे तिथे तिथे ‘:डिसेबल्ड’चा नियम लिहावाच लागतो. त्यातही एखाद्या बटणाला त्याच्या नावाने, म्हणजे हॅश चिन्हाने, पार्श्वभूमी दिलेली असेल, तर सर्व बटणांसाठी लिहिलेला सामान्य ‘:डिसेबल्ड’ नियम तिच्यापुढे हरतो. आमचे ‘चाचणी सुरू करा’ हे बटण बंद असतानाही ठळक निळे राहत होते, त्याचे कारण हेच होते. चालू-बंद होणाऱ्या बटणांत ‘:चेक्ड’ आणि ‘:डिसेबल्ड’ हे दोन्ही समान वजनाचे असल्यामुळे फाइलमध्ये जो नियम नंतर येतो तो लागू होतो. दोन्ही एकाच वेळी खरे असतील तेव्हाचे रूप जोडनियमाने स्पष्ट लिहिणे हाच त्यावर खात्रीचा उपाय आहे.

आपल्या विजेटचे खास गुणधर्म स्टाइलशीटमधून देण्यासाठी ‘क्यूप्रॉपर्टी’ची सोय आहे आणि तिच्याविषयी मला मोठी आशा होती. खाचांचा रंग, सावलीची जाडी असे गुणधर्म नेहमीच्या आणि डिसेबल्ड रूपासाठी स्टाइलशीटमध्येच लिहिता आले असते, तर थीम बदलणाऱ्याला सी प्लस प्लसला हात लावावा लागला नसता. पण हे गुणधर्म विजेटला शैली लागू होतानाच एकदा वाचले जातात, अवस्था बदलल्यावर ते पुन्हा वाचले जात नाहीत, आणि क्यूटीच्या दस्तऐवजातही तसे म्हटले आहे. त्यामुळे मी प्रत्येक गुणधर्माच्या दोन आवृत्त्या केल्या, एक नेहमीची आणि एक डिसेबल्डची. दोन्ही सुरुवातीलाच भरल्या जातात आणि कोणती वापरायची ते पेंटइव्हेंट ठरवतो. यादी लांबली, पण थीमची सर्व मूल्ये एका फाइलमध्ये राहिली.

अवस्था बदलल्याचे विजेटला कळते ते चेंजइव्हेंटमधून. तिथे एनेबल्डचेंज ही चालू-बंद झाल्याची सूचना आल्यावर मी चालू असलेले अ‍ॅनिमेशन थांबवते आणि अर्धवट ओढलेला नॉब त्याच्या ठरलेल्या मूल्यावर आणते. हे झाल्यावर मूळ वर्गाचे चेंजइव्हेंट बोलावणे आवश्यक असते, कारण विजेट पुन्हा रंगवण्याची विनंती तिथूनच जाते आणि अवस्था बदलल्याची सूचना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरपर्यंतही तिथूनच पोहोचते. डोळ्यांना दिसणारे रूप बरोबर आणि स्क्रीन रीडरला मिळणारी बातमी जुनी, अशी विसंगती राहू नये यासाठी ही एक ओळ जपावी लागते.

दिसण्याच्या पलीकडचे काही प्रश्न या कामातच गुंतलेले होते. पॅनेल डिसेबल केले की त्यातील सर्व विजेट डिसेबल होतात, आणि पालक बंद असेपर्यंत आतल्या एखाद्याच विजेटला चालू ठेवता येत नाही. जुन्या मांडणीत ‘चाचणी थांबवा’ हे बटण त्याच पॅनेलमध्ये होते आणि ते वगळण्यासाठी बाकीच्यांना एकेक करून बंद करण्याची लांबलचक यादी लिहिलेली होती. मी ते बटण पॅनेलच्या बाहेर काढले. बेंचवर तारेने जोडलेला तांबडा आपत्कालीन स्विच अर्थातच वेगळा आहे आणि तो सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही, पण म्हणून पडद्यावरील बटणाची जागा दुय्यम ठरत नाही.

फोकसचाही विचार करावा लागला. कीबोर्डवरून ‘सुरू करा’ दाबले की ते बटण लगेच डिसेबल होते आणि क्यूटी फोकस पुढच्या विजेटकडे सरकवते. पुढचे विजेट कोणते, हे टॅबच्या क्रमावर ठरते. ऑपरेटरने चुकून स्पेसबार दुसऱ्यांदा दाबला तर काय घडेल, हे म्हणजे त्या क्रमावर अवलंबून असते. आमच्या क्रमात पुढे ‘थांबवा’ येत होते, म्हणजे दुहेरी दाबामुळे चाचणी सुरू होऊन लगेच थांबली असती. मी क्रम बदलून नोंदींची यादी पुढे आणली, जिथे स्पेसबार निरुपद्रवी आहे. माउसच्या बाबतीत, आम्ही वापरत असलेल्या क्यूटी ५ मध्ये डिसेबल्ड विजेटवरची क्लिक त्याच्या पालकाकडे जाते, त्यामुळे ओढून हलवता येणाऱ्या पॅनेलवर बंद बटण दाबले की पॅनेलच हलू लागत असे. तिथे पालकाच्या कोडमध्ये क्लिक नेमकी कुठे झाली, हे तपासण्याची अट घातली.

बंद का आहे, हे सांगणेही रूपाचाच भाग आहे, असे मी मानते. क्यूटीमध्ये डिसेबल्ड विजेटवरही माउस टेकवला की टूलटिप, म्हणजे माहितीची छोटी चौकट, दिसते, त्यामुळे सुरुवातीला कारण तिथे लिहिले. पण बेंचवर स्पर्शाचा पडदा होता आणि स्पर्शात माउस टेकवून थांबणे ही कृतीच नसते. म्हणून पॅनेलच्या शीर्षकाशेजारी ‘चाचणी चालू आहे, मांडणी बदलता येणार नाही’ अशी ओळ ठेवली. एकेका विजेटवर कुलपाची खूण लावण्याचा पर्यायही पाहिला होता, पण कुलपांच्या गर्दीत आकडे हरवू लागले.

तपासणी कार्यालयातील पडद्यावर न करता बेंचवरच केली. तिथला मॉनिटर जुन्या टीएन या एलसीडी प्रकारचा होता आणि थोडा उंचावर बसवलेला होता. असा पडदा खालून पाहिला की छटा काळवंडतात आणि करड्यांमधील भेद पुसट होतो. ३ च्या आसपास ठेवलेल्या मोजपट्टीच्या रेघा तिथे अंधुक झाल्या, म्हणून त्यांचे गुणोत्तर वाढवले आणि रेघाही थोड्या जाड केल्या. त्यानंतर विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट, म्हणजे छटांमधील फरक खूप वाढवलेल्या, थीममध्ये पाहिले. विंडोज १० च्या काळ्या हाय कॉन्ट्रास्ट थीममध्ये डिसेबल्ड मजकुराचा ठरलेला रंग हिरवा असतो, वापरणाऱ्याला तो बदलताही येतो. तिथे आपले मिसळलेले करडे लादणे म्हणजे त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांसाठी केलेली निवड मोडणे. म्हणून ती थीम चालू असल्यास रंग मिसळण्याचे फंक्शन बाजूला ठेवून सिस्टिमचा ठरलेला रंग जसाच्या तसा वापरला. सपाट तबकडी आणि पोकळ ठिपका हे आकारातील फरक तिथेही टिकतात.

सर्वात शेवटी प्रवाहाचा मीटर उरला होता. तो मांडणीच्या पॅनेलमध्ये असल्यामुळे चाचणी सुरू होताच तोही डिसेबल होऊन फिका पडत असे. पण मीटर हे मुळात चालवण्याचे साधन नाही, त्यात मागे घेण्यासारखे आमंत्रणच नव्हते. त्याच्या अवस्था वेगळ्या आहेत: मोजमाप येत आहे, मोजमाप थांबले आहे किंवा संवेदकाशी संपर्क तुटला आहे. या तिन्हींपैकी कशालाही डिसेबल्डचे रूप देणे दिशाभूल करणारे ठरले असते, कारण फिका मीटर पाहून संवेदक बंद पडला असे कुणीही समजेल. म्हणून मीटर पॅनेलबाहेर आणला, त्याच्या डिसेबल्ड रूपाचा कोड लिहिलाच नाही आणि संपर्क तुटल्यास आकड्याच्या जागी आडवी रेघ व खाली ‘सिग्नल नाही’ हे शब्द येतील अशी व्यवस्था केली. आता चाचणी चालू असताना मीटर, दाबाचा आकडा आणि ‘थांबवा’ या तीन गोष्टी पडद्यावर ठळक दिसतात.